फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

सातारा,
१२ जानेवारी २०२५

प्रिय बादशहा,

पत्र बघून घाबरू नकोस. कोपरा शाबूत आहे. आधी तू तेवढंच बघशील हे मला माहीत आहे, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. मी ठणठणीत आहे, कान सोडले तर.

तुझी शालूवहिनी गेली तेव्हा तू आणि हाजराबी वहिनी येऊन गेलात, त्यालाही आता वर्ष झालं. तेव्हापासून तुला फोन करीन म्हणतो. पण कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की ते शिट्टी मारतं, आणि काढून ठेवलं तर समोरचा माणूस विहिरीत पडून ओरडतोय असं वाटतं. आमचा पृथ्वीराज हैदराबादेहून दर रविवारी फोन करतो. मी आपला "हो, हो" म्हणतो. मग म्हटलं, आपण काय फोन खात्यातले? आपण टपालातले. कार्ड घेतलं तर ते पुरेना, म्हणून हे आंतरदेशीय.

गंमत बघ. या शहरात कारकून म्हणून लागलो आणि पोस्टमास्तर म्हणून बाहेर पडलो. सगळा जन्म लोकांची पत्रं पोचवण्यात गेला. तू दारोदार हिंडलास, मी खुर्चीत बसून शिक्के मारले आणि तुम्हा सगळ्यांवर ओरडलो. पण मला स्वतःला पत्र कधी आलं? विम्याचं, बँकेचं आणि लग्नाच्या पत्रिका. शालूला म्हटलं की ती म्हणायची, हलवायाच्या घरी पेढे कोण नेतं?

आता गोडोलीच्या या घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. घड्याळाची टिकटिकही ऐकू येत नाही, काटे फिरतात म्हणून ते चालू आहे असं समजायचं. सकाळी पोस्टमन येतो, समोरच्या दुकानात टपाल देतो आणि माझ्या फाटकावरून पुढे जातो. मी व्हरांड्यात बसलेला असतो. तो मान हलवतो, मीही हलवतो.

तर तू उत्तर पाठव. चार ओळी लिही, काहीही लिही. एकदा तरी त्या पोस्टमनने माझ्या फाटकाशी सायकल थांबवलेली मला बघायची आहे.

तुझा
नाथाजी साळुंखे


पलूस,
२१ जानेवारी २०२५

साहेब, सलाम.

कोपरा बघितला आणि मगच वाचलं. ही खोड आता मेल्यावरच जायची. हाजराबी आतनं वरडली, "साहेबांचं पत्र हाय तर उभ्यानं काय वाचताय, आत या की!" मग आत जाऊन बसून परत पैल्यापासनं वाचलं.

मी जसं बोलतोय तसंच लिवतोय, चुका काढू नका. आता तुमी काय माझं साहेब न्हाई. पण लिवताना हात "साहेब" लिवून जातोय त्याला काय करू?

आमच्या इथं टपाल वाटायला क्रांती नावाची पोरगी येती. स्कूटीवर. हेल्मेट घालती. पत्र द्यायला थांबली तवा मी तिला इचारलं, बाई, मयताचं कार्ड वळखतीस का? ती म्हणाली, आजोबा, आता मयत मोबाईलवर कळतंय. मग तिला समदं सांगत बसलो. मयताचं कार्ड असलं की लिवणारा वर श्री घालत न्हाई आणि कार्डाचा एक कोपरा फाडतोय. घेणारा ते उंबऱ्याच्या आत नेत न्हाई. भाईरच उभ्यानं वाचायचं, फाडून टाकायचं, आंघोळ करायची आणि मगच घरात. तिला ह्यातलं काय म्हाईत न्हवतं.

माझी रीत पण सांगितली. तुमाला ठावं हाय ती. असलं कार्ड मी सरळ कुणाच्या हातात दिलं न्हाई. आधी दारात उभा राहून पाणी मागायचो. बाई पाणी आणाय आत गेली की घरात कोण हाय कोण न्हाई ते कळतंय. म्हातारी एकटीच असली तर शेजारणीला हाक मारता येती. तांब्या घेऊन भाईर आली की म्हणायचो, आक्का, जरा बसा. मग कार्ड. पाणी मी कवाच प्यालो न्हाई. ते तिलाच लागायचं.

पोरगी हसली. म्हणाली, आजोबा, दारोदार पाणी मागत बसले तर माझं वाटप दिवस मावळला तरी व्हायचं न्हाई. हुशार हाय, पण घाईत हाय.

तुमी जेवणाचं काय करता ते लिवा. हाजराबी इचारती. वैनी होत्या तवा तुमाला चहासुदिक करता येत न्हवता.

तुमचा
बादशहा शिकलगार


सातारा,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय बादशहा,

पोस्टमन थांबला! सायकलवरून उतरला, "साळुंखे, पत्र" असं काहीतरी म्हणाला. ओठ हलले म्हणून समजलं. मी त्याला चहा विचारला तर तो बिचारा गोंधळला. दोन घरं पलीकडच्या बाईंनी गॅलरीतून बघितलं, आणि मी ते पत्र जरा हळूच उघडलं, तिला नीट दिसावं म्हणून. या वयात माणसाने असा पोरकटपणा करू नये, पण केला.

जेवणाचा डबा येतो. डबेवालीची भाजी रोज वेगळी असते आणि चव एकच. वहिनींना सांग, चहा आता जमतो. दूध उतू जातं तेवढंच. यंत्र काढलेलं असलं की ते उतू गेल्याचा आवाज येत नाही, वासावर कळतं.

आता कामाचं. पृथ्वीराज संक्रांतीला येऊन गेला. घर भाड्याने द्या आणि हैदराबादला चला, म्हणतो. पोरगा वाईट नाही रे. सूनबाईही चांगली आहे. पण दोघं सकाळी बाहेर पडतात ते अंधार पडल्यावर येतात, आणि खाली उतरलो तर तेलुगू. मला मराठीच ऐकू येत नाही, तेलुगू कुठून येणार? मला जायचं नाही. तसं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "बाबा, इथे तुमचं कोण आहे? एक नाव सांगा, मी पुन्हा विषय काढणार नाही." ज्या गावात दर दुसऱ्या घराचा पत्ता मला पाठ आहे, तिथे मला एक नाव सांगता येईना.

पाडव्याच्या आत त्याला उत्तर द्यायचं आहे. तुला काय वाटतं?

तुझ्या घरावर एक खोली होती, जिन्याच्या डोक्याशी. खिडकीतून उसाचं रान दिसायचं. आहे का अजून? सहज विचारतो.

तुझा
नाथाजी


पलूस,
३ मार्च २०२५

साहेब, सलाम.

कालपास्नं रोजे सुरू झालेत, म्हणून हात जरा हळू चालतोय. डोळ्यालाबी धूसर दिसतंय. जिना चढताना दम लागतोय. म्हातारपणाचं असंच, सांगत काय बसायचं.

तुमचं पत्र अजीमला वाचून दाखवलं. अजीम माझा थोरला, वेल्डिंगचं दुकान हाय त्येचं. तो म्हणाला, "अब्बा, साहेबाचं पोरगं बापाला न्यायला येतंय, हे नशीब आजकाल कुणाला गावतंय?" खरं हाय ते. साहेब, जावा तुमी. खुशाल जावा. लिफ्टची बिल्डिंग, नळाला गरम पाणी, दवाखाना खाली उतरलं की. हितं ठेवलंय काय? कुणी काय म्हणंल त्याचा इचार करू नका.

वरची खोली हाय, पण आता बघण्यासारखी न्हाई. अजीमच्या पत्र्याचा समदा माल तिथंच पडलाय, आणि उंदरांनी घरं केल्यात. तुमची तिथली आठवण चांगली हाय, तीच ऱ्हाऊ द्या.

एक शेळी घेतलीय. लय वांड हाय. हाजराबीचा निम्मा पदर खाल्ला.

तुमचा
बादशहा


सातारा,
२४ मार्च २०२५

प्रिय बादशहा,

पत्र मिळालं. तुझा सल्ला पटला. पृथ्वीराजला हो कळवतो आहे. मे महिन्यापासून घर भाड्याने जाईल.

तुम्हा सर्वांना ईदच्या शुभेच्छा. शेळी बांधून ठेवत जा.

उत्तराची घाई नाही.

नाथाजी साळुंखे


सातारा,
१५ एप्रिल २०२५

हाजराबी वहिनी,

तुमचं कार्ड पोचलं.

तुम्हाला वाचून दाखवणाऱ्याला सांगा, सावकाश वाच. मला जे लिहायचं आहे ते मी बादशहाला कधी लिहिलं नाही, म्हणून आता तुम्हाला लिहितो आहे.

पोस्टमन फाटकाशी थांबला तेव्हा मी खुशीत उठलो. मागच्या पत्रात मी जरा तुसडेपणा केला होता, मला वाटलं बादशहा रुसून काहीतरी खोचक लिहिणार. कार्ड हातात घेतलं तर कोपरा नाही. पलूसचा शिक्का, आणि पत्त्याचं अक्षर बादशहाचं नाही. दम लागतो असं त्याने लिहिलं होतं. मी त्याला साधं "डॉक्टरला दाखव" एवढंही लिहिलं नव्हतं.

वहिनी, मी ते कार्ड वाचलं नाही. असली हजारो कार्डं या हाताखालून गेली, मी शिक्का मारून पुढे ढकलली. हे एक वाचवेना. वाचलं असतं तर ते खरं झालं असतं. फाटकाबाहेर उभा राहून ते फाडलं, गटारात टाकलं, आणि बागेच्या नळाखाली डोकं धरलं. पलीकडच्या बाई बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी यायला निघालो. स्टँडवर गाडीत बसलो. कराडपर्यंत आलोसुद्धा. तिथे उतरलो आणि साताऱ्याची गाडी धरून परत आलो. तुमच्या दारात बादशहा नसताना कसं उभं राहायचं, मला कळेना. मला क्षमा करा.

मी निवृत्त झालो त्या दिवशी ऑफिसात हारतुरे झाले, भाषणं झाली. साहेबांची शिस्त, साहेबांचा दरारा. बादशहाला बोल म्हटलं तर तो उठला आणि एवढंच म्हणाला, "साहेब, पुढंमागं एकटं पडलात तर आमच्याकडं या. वरची खोली तुमची." लोक हसले. मीही हसलो. पण ते वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलं आहे. शालू गेल्यावर रोज काढून बघत होतो. जानेवारीत मी पत्र धाडलं ते टपालाच्या प्रेमाने नाही, त्याने ते वाक्य पुन्हा म्हणावं म्हणून. मी नुसतं "खोली आहे का" असं विचारलं. मला तिथे राहायचं आहे, असं सरळ लिहायला काय झालं होतं? साहेब ना मी. साहेबाने मागायचं नसतं. त्याने "जावा" म्हटलं आणि मला इतका राग आला की त्या दिवशी डबा तसाच परत दिला. पृथ्वीराजने एक नाव मागितलं होतं. माझ्याजवळ एक नाव होतं, पण त्या नावाने मला बोलावलं नाही, म्हणून मी ते सांगितलं नाही.

वहिनी, त्याच्याइतका जवळचा माणूस मला दुसरा नव्हता आणि हे मी त्याला कधी सांगितलं नाही. तुम्ही तरी ऐका.

पृथ्वीराज एक मे रोजी न्यायला येतो आहे.

तुमचा भाऊ
नाथाजी


पलूस,
१९ एप्रिल २०२५

साहेब,

मी जित्ता हाय.

हे पत्र अजीम फटफटीवर घेऊन येतोय. जल्मभर टपाल वाटलं, पण आज टपालावर माझा भरवसा न्हाई.

शेळीनं खाल्ला वो कोपरा! डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी होती, म्हणून नातीला, तहरीमला सांगितलं, कार्ड लिव. पोरीनं लिवून कट्ट्यावर ठेवलं आणि पेन ठेवाय आत गेली, तेवढ्यात त्या रांडेनं तोंड घातलं. तहरीम मला म्हणाली, "दादाजी, जरासा कोपरा गेलाय, अक्षर समदं हाय, टाकू का?" मला दिसत न्हवतं. मी म्हटलं टाक. आजच्या पोरीला काय ठावं कोपऱ्याचं? आणि मला, ज्येनं ती कार्डं खिशात वेगळी ठेवून आख्खा सातारा तुडवला, त्या मला त्या वक्ताला सुचलं न्हाई. ती पट्टी डोळ्यावर होती का अकलेवर, अल्ला जाणे.

तुमचं पत्र हाजराबीच्या नावानं आलं. तहरीमनं वाचून दाखवलं. मी शेजारी बसून माझ्याच मयताचं पत्र ऐकलं साहेब. हाजराबी रडायला लागली. मी म्हटलं, अगं मी हितं बसलोय, कुणासाठी रडतीस? ती म्हणाली, "साहेबांसाठी." कराडला उतरून माघारी गेलात, तिथं तर मला पण सोसलं न्हाई.

कार्डात काय होतं ते आता ऐका. तुमी "उत्तराची घाई न्हाई" लिवलं तवाच मला कळलं, साहेब दुखावलं. तुमी रागावला की असंच मोजकं लिवायचा, आम्हाला मेमो देताना पण. मग मी परत परत इचार केला, खोलीचं सहज कोण इचारतंय? कार्डात लिवलं होतं, "साहेब, या. अजीमनं पत्रा हलवलाय. खोलीला चुना मारलाय. मी जावा म्हटलं ते ह्येच्यासाठी की साहेब माणूस, आमच्यात कसं ऱ्हाणार, कसं जेवणार, आणि आपण मधी येऊन बापलेकांत कशाला तेढ पाडा. पण माझ्या मनात तुमी हितंच हायसा."

एवढं होतं. तुमी फाडून गटारात टाकलं.

आता परत सांगतो, सगळ्यांसमोर सांगितलं होतं तसंच. वरची खोली तुमची. कवा येताय?

बादशहा


सातारा,
१९ एप्रिल २०२५

बादशहा,

अजीम जेवतो आहे आणि मी लिहितो आहे. वरण मी केलं आहे, तो गरीब काही बोलत नाही.

तो दारात उभा राहिला तेव्हा मी त्याच्या गळ्यात पडून रडलो. तो माझ्या कानात ओरडत होता आणि मी यंत्र लावलेलं नव्हतं. शेवटी त्याने माझे खांदे धरून गदागदा हलवलं, "काका, अब्बा हायती! जित्ते हायती! शेळी! शेळी!" मला वाटलं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. मग त्याने तुझं पत्र डोळ्यांसमोर धरलं. तुझं अक्षर, वेडंवाकडं, पण तुझंच. मी ओट्यावर बसलो आणि हसायला लागलो. पलीकडच्या बाईंनी त्या दिवशी मला नळाखाली रडताना बघितलं होतं, आज हसताना बघितलं. त्या आता हैदराबादला स्वतःहून फोन करतील.

त्या पत्रात मी जे लिहिलं ते तू ऐकलंस याची लाज वाटते आहे. पण परत घेत नाही.

येतो. नक्की येतो. पण पृथ्वीराजला शब्द दिला आहे, भाडेकरूंना दिला आहे, सूनबाईने माझ्यासाठी खोलीत पलंग घेतला आहे. एकदा जाऊन त्यांचं समाधान करतो. दिवाळी तिथे झाली की थेट पलूसला. पृथ्वीराजला आज तुझं नाव सांगणार आहे.

त्या शेळीला माझा एक रट्टा दे. आणि मग थोडा पाला घाल.

तुझा
नाथाजी


हैदराबाद,
१० ऑगस्ट २०२५

प्रिय बादशहा,

इथे टपाल खाली पहारेकऱ्याकडे येतं. तो ते एका खणात टाकतो, आणि आठवण झाली की सून वर आणते. तुझं मागचं कार्ड असंच किती दिवस खणात पडून होतं कुणास ठाऊक. मी रोज खाली जाऊन त्याला विचारतो. तो हिंदीत काही म्हणतो, मी हिंदीत काही म्हणतो. आता मी लिफ्टमधून बाहेर आलो की तो आधीच हात हलवतो, नाही म्हणून.

पोरं जपतात, तक्रार नाही. पण दिवस फार लांब आहे रे. सकाळी दार बंद होतं ते रात्री उघडतं. मी खिडकीशी बसतो. खाली माणसं दिसतात, ती कुठे जातात ते मला माहीत नाही, कुणाचा पत्ता माहीत नाही. साताऱ्यात एकटा होतो, पण तिथल्या प्रत्येक दाराला निदान मी नावाने ओळखत होतो. इथे मी कुणालाच माहीत नाही. कधी कधी मनातल्या मनात राजवाड्यापासून सुरू करतो आणि तुझी वाटपाची वाट धरून घर, घर, घर करत पोवई नाक्यापर्यंत येतो. एखादं नाव आठवलं नाही की त्या दिवशी झोप येत नाही.

पृथ्वीराजला तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" दिवाळीनंतरचं तिकीट त्याने काढून दिलं आहे. स्वतः सोडायला येणार आहे. त्याला मी आपली सगळी रीत सांगितली, कोपऱ्याची, तुझ्या पाण्याची. ऐकत होता. शेळीला तो खूप हसला.

खिडकीतून अजून ऊस दिसतो ना?

तुझा
नाथाजी


पलूस,
७ सप्टेंबर २०२५

साहेब, सलाम.

दिसतोय. डोक्यावर गेलाय ऊस. तुमी याल तवा तोडणी सुरू झाली असंल. बैलगाड्या आता कमी झाल्यात, ट्रॅक्टर असत्यात, पण खिडकीतनं बघाय चांगलं.

खोलीत कॉट टाकलीय. हाजराबीनं नवी वाकळ शिवलीय. अजीमनं जिन्याला लोखंडी कठडा करून दिलाय, तुमाला धराय. मला पण होतोय त्यो. तुमाला ऐकू येत न्हाई आणि मला नीट दिसत न्हाई, दोघं मिळून एक माणूस तरी होईल. चहा मात्र मी करीन.

क्रांतीला सांगून ठेवलंय, दिवाळी झाली की हितं साळुंखे नावाचं टपाल येत जाईल. ती म्हणाली, "कोण आजोबा, पाहुणा?" म्हटलं, घरचाच हाय.

लवकर या.

बादशहा


पलूस,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. पृथ्वीराज यास आशीर्वाद.

तुझं कार्ड काल पोचलं.

तू लिवलंयस, "बाबांनी सांगितलं होतं, बादशहाला फोन करू नकोस, कार्ड टाक, आपल्या रीतीनं." बाळा, रीत तू बरोबर पाळलीस. वर श्री न्हाई, कोपरा नीट फाडलेला. झोपेतच गेलं, तरास झाला न्हाई, हे लिवलंस ते बरं केलंस. बॅग भरून दाराशी ठेवली होती, ते लिवायचं न्हवतं. पण लिवलंस तेबी बरं केलंस.

क्रांती आली तवा मी दारातच बसलो होतो. ती रोज गाडीवरनंच हात करून जाती. काल तिनं गाडी बंद केली, हेल्मेट काढलं, आणि म्हणाली, "आजोबा, जरा पाणी मिळंल का?" मी म्हटलं, मिळंल की. ऊन होतं, पोरगी लांबनं आलेली. हाजराबीला हाक मारली. हाजराबी तांब्या घेऊन आली तर क्रांती तिला म्हणाली, "आजी, तुमीबी बसा." तरी मला कळलं न्हाई बघ. नोकरीभर मी लोकांच्या दारात पाणी मागितलं, आणि माझ्या दारात कुणी मागितलं तवा मला वाटलं, पोरीला तहान लागलीय.

मग तिनं कार्ड दिलं. मी कोपरा बघितला आणि हसलो. मोठ्यानं हसलो. म्हटलं, साहेबांनी उसनं फेडलं, शेळीची थट्टा माझ्यावर उलटवली. हाजराबीला दाखवलं, म्हटलं बघ गं, साहेब आता माझीच चेष्टा करत्यात. क्रांती हसत न्हवती. तवा मी अक्षर बघितलं.

उभ्यानं वाचलं. समदं वाचलं. न वाचता फाडायची चूक आमच्या दोघांत एकदा झाली होती, परत कशाला? पण वाचून झाल्यावर फाडायला पायजे ते अजून फाडवलं न्हाई. उंबऱ्याभाईर कट्ट्यावर दगडाखाली ठेवलंय. शेळी बांधून ठेवलीय.

साहेबांची बॅग घेऊन तू ये. ती वरच्या खोलीत ठीवू. तुला वाटंल तवा ये, कुणी इचारायचं न्हाई. खिडकीतनं ऊस दिसतोय, तोडणी आजच लागली.

क्रांती गेली तवा तांब्या कट्ट्यावर तसाच भरलेला होता. तिनं घोटभरबी पाणी घेतलं न्हवतं. हाजराबीनं तो उचलून माझ्या हातात दिला.

तुझा
बादशहाचाचा